खुणेचं झाड

तीस वर्षं मी रत्नागिरीच्या एका शाळेत भूगोल शिकवला. 'प्रवाळ उथळ, उबदार आणि स्वच्छ समुद्रात वाढतात, उदाहरणार्थ लक्षद्वीप,' हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं आहे की झोपेतही लिहून दाखवीन. खिडकीतून खारा वारा वर्गात यायचा, वह्यांची पानं उडायची, आणि मी नकाशातल्या लांबच्या ठिपक्यांवर छडी टेकवून उभी असायचे. आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, एसटीने चार तासांवर, ओहोटीला घोटाभर पाण्यात प्रवाळ उघडे पडतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तेही कोणा शास्त्रज्ञाकडून नाही, मासे विकणाऱ्या मावशीकडून. मला माझाच राग आला. मला राग लवकर येतो, फक्त स्वतःचा यायला जरा उशीर लागतो.

मावशी रक्ताच्या नात्यातली नव्हे. माझ्या वडिलांची आंब्याच्या कलमांची बाग खाडीच्या अलीकडच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर आहे आणि मावशीचं गाव खाडीच्या पलीकडे, अगदी मुखाशी. मे महिन्यात आम्ही बागेत राहायला जायचो तेव्हा नुकतं लग्न झालेली मावशी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन तरीतून खाडी ओलांडायची आणि तासभर चढून सड्यावर यायची. मला ती 'बाय' म्हणायची, अजूनही म्हणते. वडील गेले, बाग माझ्या नावावर आली. ती मी रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातल्या घरी बसून फोनवर चालवते आणि वर्षातून आठ दिवस मालकिणीच्या तोऱ्यात जाऊन येते. मावशी अजून येते, टोपली तेवढी लहान झाली आहे. गेल्या मोसमात बांगडे निवडता निवडता तिने सहज सांगितलं की आमच्या खडपात फुलांचे दगड आहेत, मोठ्या ओहोटीला वर येतात, लांबलांबचे लोक फोटो काढायला येतात, तुलाच कधी सवड झाली नाही. खडप म्हणजे किनाऱ्याचा खडकाळ पट्टा, हे मला ठाऊक होतं. फुलांचे दगड म्हणजे माझ्या फळ्यावरचे प्रवाळ, हे कळायला तिला तीनदा वर्णन करून सांगावं लागलं.

पौष नुकताच लागला होता तेव्हा मी गेले. एसटी शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली, कंडक्टरने मला 'बाई, पुढे समुद्र आहे' असं गंभीरपणे सांगितलं, आणि खाडीतली तर धरून मी पलीकडे उतरले. गाव म्हणजे डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये सापडलेली एक गल्ली. माडांखालून जाणारी, कुठे दोन माणसं रुंद, कुठे दीड. गल्लीच्या टोकाला देऊळ. फोनला नेटवर्क नाही. पहिल्या तासाभरात मी चारदा फोन बघितला, मग तो पिशवीच्या तळाशी टाकला आणि त्यानंतर कोणता वार आहे हेही मला विचारावं लागायचं. समुद्र घरातही ऐकू यायचा. जेवताना, आंघोळ करताना, डोळे मिटल्यावर. थोड्या वेळाने तो ऐकू येणं बंद व्हायचं आणि मग एकदम वाटायचं की आपणच काहीतरी बोलायचं थांबलोय. दुपारी सगळी गल्ली झोपायची, कोंबड्यासुद्धा. मी पडवीत आडवी व्हायचे आणि छतावर हलणारे पाण्याचे कवडसे बघत जागी आहे की झोपले आहे, याचा निकाल न लावता पडून राहायचे. इतकं निवांत मला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं.

मावशीने पुढची खोली पर्यटकांसाठी रंगवून ठेवली आहे, तीच मला दिली. आणि पडवीतल्या बाकावर बसलेला तो मावशीचा नवरा. उंच, काटक, पंचाहत्तरीचा. सगळं गाव त्याला तांडेल म्हणतं. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता माणूस. बाजूच्या मोठ्या नौकांवरचे तांडेल आता यंत्र बघून जाळी टाकतात, हा मात्र जन्मभर एका उलांडीच्या, म्हणजे तोल धरायला एका बाजूला ओंडका बांधलेल्या होडीतून एकटा गेला आणि गरीने, म्हणजे गळाने मासे धरून आला. मी नमस्कार केला तर माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत म्हणाला, या बाई. मावशीने हात धरून त्याला पडवीच्या दोन पायऱ्या उतरवलं, न्हाणीपर्यंत नेलं, परत आणलं. डोळे गेले त्यांचे, ती मला खुणेने म्हणाली.

होडी घरासमोरच्या वाळूत झावळ्यांखाली होती. एक वर्षापासून ती पाण्यात गेली नव्हती. रात्रीच्या जेवणाची तयारी करताना मावशीने खालच्या आवाजात बाकीचं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्याला दिसेनासं झालं. दोन हिवाळे तो तसाच समुद्रात जायचा आणि रिकामा यायचा. मग रत्नागिरीला नेऊन मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालं. पट्टी सुटल्यावर चार दिवसांनी तो हट्टाने होडी घेऊन गेला, संध्याकाळी आला आणि म्हणाला, नाही, गेले ते गेलेच. त्यानंतर आणखी काही दिवस जाऊन त्याने होडी वर ओढली. आता एका हॉटेलवाल्याने ती मागितली होती. त्याला ती हिरवळीवर ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची होती. रविवारी टेम्पो येणार होता आणि तांडेलने हो म्हटलं होतं.

मी म्हटलं, बरंय की, पडून कुजण्यापेक्षा. अशी शहाणपणाची वाक्यं मला फार सुचतात.

मावशीने विळीवरून मान वर केली. "बाय, हो म्हनल्यापासून धड जेवला नाय तो. होडी गेली की त्याचं बी उरनार नाय काय."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं खडपावर गेलो. पाणी इतकं मागे गेलं होतं की रोजचा किनारा भलत्याच ठिकाणी राहिला होता आणि मधला सगळा प्रदेश नवीन, ओला, कोणाच्याच मालकीचा नसलेला दिसत होता. हवेत धुकं होतं. डोंगर होता तिथे फक्त थोडा गडद राखाडी रंग होता. मावशीने तांडेलला हात धरून वाळूतून आणलं आणि खडकाशी आल्यावर सवयीने सोडला, कारण खडकावर दोघांना एकत्र चालता येत नाही. तो अनवाणी पुढे निघाला. मी रबरी बूट घालून त्याच्या मागे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्यांदा माझी निराशा झाली. कॅलेंडरवर प्रवाळ लाल, निळे, जांभळे असतात. इथे ते मोहरीच्या आणि शेवाळाच्या रंगाचे, कुठे मधाच्या पोळ्याच्या घडणीचे, कुठे कोबीच्या गड्ड्याएवढे गोल. मी मनात 'हात्तिच्या' म्हटलं. मग सूर्य डोंगरामागून वर आला, एका डबक्यात तिरपा उजेड शिरला आणि ज्याला मी दगड समजत होते तो श्वास घेताना दिसला. त्याच्या अंगभर बारीक हिरवट फुलं होती, प्रत्येकाला देठ, आणि ती सगळी एकाच दिशेला झुकून पुन्हा सावकाश सरळ होत होती. वारा नव्हता. पाण्याला आतून कसलीतरी आठवण येत असावी तसं ते हलत होतं. मी गुडघ्यांवर बसले. बूट भरले, साडीचा काठ भिजला, मावशी काहीतरी ओरडली. किती वेळ बसले कोण जाणे. मुलांना दरवर्षी सांगायचे की ही वनस्पती नव्हे, प्राणी आहे, याद्या पाठ करून घ्यायचे आणि चुकलं की अर्धा गुण कापायचे. आता त्या सगळ्या मुलांना एकेक करून बोलावून हे दाखवावं आणि अर्धा अर्धा गुण परत करावा असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते खाऱ्या पाण्यात गेलं.

तांडेल माझ्या बाजूला उभा होता. हातातल्या काठीने न शिवता त्याने एका कपारीकडे बोट केलं. मला तिथे कपारच दिसली. चष्मा पुसून बघितल्यावर कपारीने रंग बदलला आणि एक ऑक्टोपस आठही हात आवरून आत सरकला. पुढे त्याने नखाएवढा खेकडा दाखवला, मग खडकाला चिकटलेली अंडी. मी म्हटलं, तांडेल, तुम्हाला माझ्यापेक्षा बरं दिसतं. तो म्हणाला, जवळचं दिसतं बाई, लांबचं गेलं. परतताना वाळू लागल्यावर मावशीने पुन्हा त्याचा हात धरला आणि त्याने तो धरू दिला.

त्या दिवशी मी दुपारभर झोपले आणि झोपेतही माझ्या खालून ती फुलं हलत राहिली. उठले तर उन्हं उतरली होती. मावशी देवळाकडे गेली होती. तांडेल बाकावर होता. मी चहा केला, त्याच्या हातात कप दिला आणि सकाळच्या त्या डबक्याबद्दल नको इतकं बोलले. तो हसला. हे काहीच नाही म्हणाला. खडपावरचं हे सगळं म्हणजे उंबऱ्यातली रांगोळी, घर आत आहे. बंदराबाहेर समुद्रात एक जागा आहे, इथून देवळापर्यंत जाईल एवढी. तिथे मोठी झाडंच्या झाडं आहेत या फुलदगडांची. पौषात पाणी निवळतं तेव्हा होडी तिथे थांबवून खाली बघितलं तर होडी पाण्यावर आहे असं वाटत नाही, बागेवर टांगलेली वाटते. गोबरे आणि तांबोसे मासे झाडांमधून गुरांसारखे सावकाश फिरतात. त्याच्या बापाने त्याला ती जागा दाखवली होती, बापाला त्याच्या बापाने. जाळीवाल्या नौकांना ती कळली तर एका दिवसात खरवडून नेतील, म्हणून कोणालाही सांगायची नाही असा घरचा दंडक. मुलाला सांगायची. त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी, ती वेळणेश्वराकडे दिलेली, आणि जावयाला सांगत नाहीत.

मी म्हटलं, मावशींना तरी माहीत असेल. तो म्हणाला, बाईमाणसाला कसली खूण सांगतात. मीही बाईमाणूसच की, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण होडीच चालली, आता खूण कशाला झाकायची, असं म्हणून तो पुढे बोलू लागला होता आणि मला ऐकायचं होतं.

ती जागा पाण्यावरून ओळखू येत नाही. तिला दोन खुणा. एक म्हणजे देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत बरोबर मधोमध बसला पाहिजे. तो तसा बसवून होडी बाहेर हाकत जायची. आणि जाता जाता खाडीपलीकडे लक्ष ठेवायचं. कड्यावर एक पांढरा डाग आहे. त्या डागाच्या बरोबर डोक्यावर, वर सड्याच्या काठाला एक झाड येऊन उभं राहिलं की वल्हं थांबवायचं. त्या क्षणी बाग खाली असते. (यातली एक गोष्ट मी इथे मुद्दाम बदलून लिहिली आहे. उगाच कोणी होडी काढू नये.)

"कळस दिसतो, डाग दिसतो," तांडेल म्हणाला. "झाड दिसत नाय. एवढा मोठा आंबा, दोन पायांवर उबा असल्यासारखा. लांब हाय ना. पयल्यांदा ते गेलं, तवाच मी समजलो."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या सड्याच्या काठाला माझी बाग आहे. दोन खोडांचा तो रायवळ आंबा माझ्या बागेतला. आम्ही त्याला माकडांचा आंबा म्हणायचो, कारण त्याची फळं आंबट ढाण आणि माकडांचा मुक्काम कायम त्याच्यावर. तिथून उतरून ती कलमांचा मोहोर ओरबाडायची. तीन वर्षांपूर्वी वैशाखात राखणदाराचा मला मिरजोळ्याला फोन आला, की परवानगी आली आहे, लाकूडतोडे आले आहेत, तोडायचा का. मी तेव्हा भेंडी परतत होते. मी म्हटलं, तोडा. भेंडीसुद्धा करपली नाही, इतक्या लवकर ते बोलणं संपलं.

आता नीट ध्यानात घ्या, काय झालं होतं ते. गावातून ते झाड दिसत नाही, मध्ये डोंगराचं नाक आहे. ते फक्त समुद्रातून दिसतं. पावसाळा संपवून तांडेल बाहेर गेला आणि झाड नव्हतं. त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा खरोखरच आला होता, म्हणून त्याला वाटलं दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर सगळं लख्ख दिसायला लागलं, फक्त झाड नाही. आणि हा माणूस दुसऱ्या कोणाला 'ते झाड दिसतं का रे' एवढं विचारू शकत नव्हता, कारण विचारलं की खूण फुटली. त्याने झाडाऐवजी डोळ्यांवर अविश्वास ठेवला. झाड जाईल असं त्याच्या मनातच आलं नाही. ते त्याच्या आजोबांच्या आधीपासून उभं होतं.

मला त्याला त्याच बाकावर, त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी मूग गिळून गप्प बसले. वर्गात मुलांना 'खरं बोला, शिक्षा होणार नाही' असं सांगणारी मीच ती. रात्री मावशीने केलेलं तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण मी ताटात तसंच ठेवलं. शनिवारची सकाळ मी किनाऱ्यावर लांबपर्यंत चालत काढली. धुकं पाण्यावर बसलं होतं, पाय कुठे पडतात ते दिसत नव्हतं आणि मी स्वतःशी वाद घालत होते. सांगून झाड परत येणार आहे का? नाही. म्हाताऱ्याला आता कशाला त्रास? आणि त्याला माझं तोंड बघावंसं वाटेल का पुन्हा? हे तिसरं खरं होतं, पहिली दोन त्याला झाकायला होती. मला भीती वाटत होती. साधी, पोरासारखी भीती.

परत आले तेव्हा तांडेल होडीपाशी होता. झावळ्या बाजूला केल्या होत्या आणि उद्या जाणाऱ्या त्या होडीच्या अंगाला तो माशाचं तेल चोपडत होता. हॉटेलच्या हिरवळीवर तेलाची काहीच गरज नव्हती. बोटांनी लाकडाची प्रत्येक शीर चाचपत, कान जवळ नेत, तो हळूहळू तोंडापासून मागे येत होता. मी तिथे उभी राहिले आणि मला आणखी गप्प राहवेना.

"तांडेल, ते झाड मी तोडलं."

त्याला अर्थबोध झाला नाही. मी पुन्हा सांगितलं. दोन खोडांचा आंबा, माझ्या बागेतला, तीन वर्षांपूर्वी, वैशाखात. फोनवर सांगून.

त्याचा हात होडीवर थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. खांद्याच्या पलीकडे नव्हे, सरळ माझ्या डोळ्यांत.

"म्हंजे झाड हायच नाय तितं?"

"नाही."

"म्हंजे मला दिसत नव्हतं, ते बरोबरच दिसत व्हतं."

मी मान हलवली. तो म्हणाला, "एका फोनावर?" एवढंच. आवाज चढवला नाही. ते दोन शब्द मला अजून टोचतात आणि टोचत राहावेत अशीच माझी इच्छा आहे.

मावशी सारवलेल्या अंगणातली सुकट उलटवायला आली होती, तिने शेवटचं ऐकलं. कुठलं झाड, म्हणाली. माकडांचा आंबा? तो तर कधीच तोडला. त्याच्या बुंध्यावर बसून तर मी बागेतल्या गड्यांना मासे विकते, छान बसायला होतं. मग ती थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, पुन्हा नवऱ्याकडे. एकेक गोष्ट तिच्या चेहऱ्यावर येऊन बसताना मला दिसत होती.

"तुमी मला एकदा इचारलं असतंत," ती म्हणाली.

"खूण व्हती ती."

"तीन वर्सं मी तुमाला हात धरून पायऱ्या उतरवते. मला एकदा इचारलं असतंत."

ती वाळूत बसली आणि रडली. दुःखाने नाही, संतापाने. पदर तोंडाला न लावता, मोठ्याने, गल्लीतली दोन दारं उघडेपर्यंत. तांडेल तसाच उभा, तेलाचे हात पुढे धरून. इतका अवघडलेला माणूस मी पाहिला नव्हता. त्याने काही वेळ होडीकडे बघितलं, मग तिच्याजवळ वाळूत उकिडवा बसला आणि तिच्या कानाशी वाकून बोलायला लागला. 'कळस' एवढा एक शब्द मला ऐकू आला. मला ते सगळं आधीच माहीत होतं, तरी मी दूर गेले आणि पाठ फिरवून उभी राहिले. जे तिला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, ते मी ऐकण्यासारखं नव्हतं.

हॉटेलवाल्याला निरोप मावशीनेच धाडला. काय धाडला ते मी विचारलं नाही. टेम्पो आला नाही एवढं खरं.

वर्षभर वाळलेली होडी तशीच पाण्यात नेता येत नाही, फळ्यांच्या फटी उघडतात. म्हणून रविवारी चार माणसांनी ती ओढत नेऊन खाडीत दगड भरून बुडवून ठेवली, लाकूड फुगायला. मी मुक्काम वाढवला. दोन दिवस तांडेल पडवीच्या पायऱ्या स्वतः उतरायचा, आणि दर वेळी मावशीचा हात सवयीने अर्धा पुढे येऊन मागे जायचा. मी म्हटलं, सड्यावर त्याच जागी नवीन आंबा लावते. तांडेल म्हणाला, लावा, तुमच्या नातवंडांना दिसेल समुद्रातून. मला नातवंडं नाहीत, पण मी लावीन म्हटलं. मग मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, झाड नाही तर बाय उभी राहील. तिने ते मीठ मागितल्यासारखं म्हटलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. त्याहून चांगलं काही आम्हा दोघांकडेही नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी तरीने अलीकडे आले आणि सडा चढले. एकसष्टाव्या वर्षी तासाच्या जागी दीड तास लागला. राखणदाराकडून आंबे उतरवायचा सर्वांत लांब झेला घेतला, त्याची जाळी काढली आणि बांबूच्या टोकाला मावशीचं लाल लुगडं बांधलं. बुंधा पहिल्यांदाच नीट बघितला. माझ्या दोन्ही हातांत मावला नसता. कडेने लहान लहान पालवी फुटलेली होती, माकडांनी खुडलेली. मी वर चढले, बांबू बुंध्याच्या मधल्या खोबणीत टेकवला आणि उभी राहिले. वारा लुगड्यात शिरला. ते आवरायला दोन्ही हात लागायचे, आणि थोड्या वेळाने खांदेही.

खाली समुद्र निळा नव्हता, पांढराही नव्हता, झोपेतून अर्धवट उठल्यावर दिसतो तसा होता. डोंगराच्या नाकामागून होडी बाहेर आली. एवढीशी. तिच्यात दोन ठिपके, एक मागे, एक पुढे. पन्नास वर्षं त्याचे मासे विकणारी मावशी त्याच्या होडीत पहिल्यांदा बसली होती. होडी सरळ रेषेत बाहेर जात राहिली, म्हणजे कळस खाचेत बसला होता. मी श्वास धरून होते. मधूनच मला वाटायचं की होडी पुढे जातच नाही, समुद्रच तिच्याखालून मागे सरकतो आहे, आणि सडा, मी, हे लाल लुगडं, सगळं त्याच्याबरोबर वाहत चाललं आहे. पायाखाली बुंधा होता म्हणून बरं.

मग होडी थांबली. थोडी मागे आली. पुन्हा पुढे गेली आणि थांबली ती थांबलीच.

दोन्ही ठिपके एका बाजूला आले. उलांडी पाण्यातून किंचित वर उचलली गेली, इतके ते वाकले होते. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी तिथे प्रवाळ बघायला म्हणून आले होते, आणि ती बाग मला अजून दिसलेली नाही. बहुधा दिसणारही नाही, कारण ती दिसायची तर कोणीतरी इथे उभं राहायला लागतं. हात भरून आले होते, खांद्यात कळा येत होत्या. होडी हलेपर्यंत मी बांबू खाली केला नाही.